हात वर केला की बाहेर बसायचं

आमच्या साडभाऊंइतका सज्जन आणि त्यांच्याइतका त्रासदायक माणूस अख्ख्या वऱ्हाडात दुसरा सापडायचा नाही. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. मी अकोल्याला वीज कंपनीत, ते अमरावतीला एका कॉलेजात खेळाचे सर. सगळी दुनिया त्यांना 'सर' म्हणते, त्यांची बायको म्हणजे आमच्या जिजीसुद्धा. मैदानावर माणसाने नीट वागावं हे कोणालाही पटेल, त्यात काही विशेष नाही. पण साडभाऊंचं म्हणणं असं, की मैदानाला चुन्याची आखणी तेवढ्यापुरतीच करतात ती चुन्याचं पोतं संपतं म्हणून. खरं मैदान त्यापुढे कॉलेजचं फाटक, बसस्टँड, सासुरवाडी असं करत पार माझ्या अकोल्याच्या घरातल्या फ्रिजपर्यंत येतं, आणि त्या सगळ्या मैदानावर पंच एकच, आमचे साडभाऊ.

आता कबड्डीत एक जुनी रीत आहे. अंगाला हात लागला आणि पंचाला दिसला नाही, तर खरा गडी आपणहून हात वर करतो आणि बाहेर जाऊन बसतो. पुढे आपल्या बाजूने कोणाला मारलं, की बाहेर बसलेला गडी जिवंत होऊन परत आत येतो. हल्ली ही रीत पाळणारे कमी झालेत, पंचाने शिट्टी वाजवली तरी पोरं चारदा विचारतात, मी कसा काय बाद? साडभाऊंनी मात्र ही रीत संसाराला लावली. एका दिवाळीला आमच्या सासऱ्यांनी साखरेचं पथ्य मोडून चोरून गुलाबजाम खाल्ला. साडभाऊंनी पाकाचा थेंब धोतराच्या घडीवर पडलेला पाहिला आणि भर पंगतीत नुसते सासऱ्यांच्या उजव्या हाताकडे बघत बसले. शेवटी त्या म्हाताऱ्या माणसाने हात वर केला आणि निमूटपणे बाहेर ओट्यावर जाऊन बसला. तिथे शेजारच्या काकूंनी 'एकटेच काहून बसले जी मामाजी' म्हणून त्यांना बालुशाहीची बशी आणून दिली, हा भाग साडभाऊंना आम्ही अजून सांगितलेला नाही.

दुसऱ्याला लावतात तेच स्वतःलाही लावतात, त्यामुळे त्यांच्याशी भांडताही येत नाही. एकदा राजकमल चौकात मी त्यांच्या स्कूटरवर मागे बसलो होतो. सिग्नल लाल झाला आणि स्कूटरचं पुढचं चाक पांढऱ्या पट्ट्यावर वीतभर गेलं. कोणी पाहिलं नव्हतं. साडभाऊंनी स्कूटर कडेला लावली आणि हात वर करून ट्रॅफिक पोलिसासमोर जाऊन उभे राहिले. पोलिसाला वाटलं, यांना पत्ता विचारायचा आहे. त्याने प्रेमाने बडनेऱ्याचा रस्ता दाखवला. "तसं नाई," साडभाऊ म्हणाले, "माहं चाक लाइनवर गेलं." पोलीस म्हणाला, "जाऊ द्या ना सर, काहून डोकं खाऊन राहिले उन्हाचं?" माझी अकोल्याची गाडी त्या दिवशी चुकली. साडभाऊ मात्र चौकाच्या कडेला निंबाखाली पाच मिनिटं उभे राहिले, स्वतःला बाहेर बसवून.

त्यांचा संघ विद्यापीठात पहिला आला, तेव्हा पोरांना घेऊन ते मेळघाटच्या जंगलात सेमाडोहला निघाले आणि आम्हा दोन्ही घरांनाही सोबत घेतलं. मी वाघ पाहायच्या आशेने नवीन दुर्बीण घेतली होती. जंगल सुरू झालं आणि कोणीतरी खिडकीतून चिप्सचं रिकामं पाकीट बाहेर फेकलं. साडभाऊंनी गाडी थांबवली. "कोनाचा हात?" कोणीच हात वर करेना. मग सगळ्यांनाच उतरवलं, जिजीला आणि माझ्या बायकोलाही. आम्ही रस्त्याच्या दोन्ही कडांनी चालत मागे गेलो. आमचं एक पाकीट मिळालं, आणि बाकीच्या जगाने टाकलेली पोतंभर. पोचलो तेव्हा जंगलात जाणारी शेवटची गाडी निघून गेली होती. ती दुर्बीण मी पुढे गच्चीवरून शेजाऱ्यांच्या टाकीतलं पाणी बघायला वापरली.

हे सगळं मी हसून सोडून देत होतो, कारण तोवर झळ मला लागत होती, माझ्या माणसांना नव्हती. पण माझ्या थोरल्या भावाचा, दादाचा, मुलगा शुभम बारावी झाला. दादा अकोल्याजवळ गावी झेंडू आणि भाजीपाला लावतो. पोरगा अंगाने चपळ, पायात वीज, गावच्या कबड्डीत कोणाच्या हाती न लागणारा. मीच साडभाऊंना फोन करून त्याला त्यांच्या कॉलेजात आणि त्यांच्या हाताखाली घातला. साडभाऊंनी त्याला असा घडवला, की तिसऱ्या वर्षी तो चढाईला निघाला की समोरचे सातही जण मागच्या रेषेला चिकटायचे. अमरावतीत त्याचे फ्लेक्स लागले, 'वऱ्हाडचा वाघ'. पोरगा चौकातून जाताना स्वतःच्याच फ्लेक्सखाली दोन मिनिटं थांबायला लागला. साडभाऊ मला म्हणाले होते, "याचे पाय चांगले हायेत. पन मान वाकत नाई." मी म्हटलं, वाघाची मान कुठे वाकते?

त्या वर्षी अंतिम सामना अकोल्याच्या संघाशी होता, आणि टीव्हीवर दिसणाऱ्या मोठ्या लीगमधल्या एका संघाची माणसं खास शुभमला पाहायला येणार होती. त्यांनी एकदा पसंत केलं असतं की पोरगा थेट टीव्हीवर. दादाने अर्ध्या गावासाठी गाड्या ठरवल्या. आणि सामन्याच्या आठवडाभर आधी कॉलेजच्या मेसमध्ये भाजी थंड आहे म्हणून या वाघाने भरलेलं ताट वाढणाऱ्या कुसुमताईंच्या अंगावर फेकलं. स्टीलच्या ताटाची कड त्यांच्या भुवईवर बसली आणि टाके पडले. सगळ्यांनी पाहिलं. शुभम म्हणाला, ताट हातातून निसटलं.

साडभाऊंनी त्याच संध्याकाळी त्याला संघाबाहेर बसवलं. त्यानंतर माझा फोन जो वाजायला लागला, तो आठवडाभर थांबला नाही. दादा, वहिनी, कॉलेजचे अध्यक्ष, अध्यक्षांचे मेव्हणे, सगळ्यांचं म्हणणं एकच, तुमचे साडू आहेत, तुम्ही समजवा. मी रजा टाकून अमरावतीला गेलो. साडभाऊ मैदानावर स्वतः चुना टाकत होते. मी म्हटलं, "अहो सर, खेळाचा आणि मेसचा काय संबंध? सामना होऊ द्या, मग वाटेल ती शिक्षा करा."

"सामना झाल्यावर कोन करते जी शिक्षा?" ते न थांबता म्हणाले. "हरला तं म्हनतीन बिचारा आधीच हरला. जिंकला तं मिरवनूक."

"पोराच्या आयुष्याचा प्रश्न आहे."

"म्हनूनच तं म्हनून राहिलो. त्यानं फक्त हात वर करावा."

हे शेवटचं वाक्य मी, माझ्या मते मोठ्या हुशारीने, अध्यक्षांपर्यंत पोचवलं. हात वर करायचा ना? करू. आणि इथे आमच्या लोकांनी ती चूक केली, जी आमच्याकडचेच लोक करू शकतात. आमच्याकडे कोणताही प्रसंग आला, की आधी शाल आणि नारळ आणायला माणूस धावतो. अध्यक्षांनी दुसऱ्या दिवशी मेसमध्ये कुसुमताईंचा जाहीर सत्कार ठेवला! मागे बॅनर, पुढे फुलदाणी, सूत्रसंचालनाला मराठीचे प्राध्यापक. 'अन्नपूर्णा' वगैरे शब्द झाले. भुवईला पट्टी बांधलेल्या कुसुमताईंना खुर्चीत बसवून शुभमच्या हस्ते शाल आणि श्रीफळ दिलं. दादाने मळ्यातून खास हार आणला होता, तो गडबडीत शुभमच्याच गळ्यात पडला. मग शुभमने हसत हसत उजवा हात वर केला, आणि पोरांनी टाळ्या आणि शिट्ट्या वाजवल्या.

साडभाऊ पहिल्या रांगेत बसले होते. टाळ्या थांबल्यावर ते उठले आणि कुसुमताईंच्या खुर्चीपाशी गेले. "ताई, तुमचं का म्हननं हाय?"

कुसुमताईंनी मांडीवरची शाल चाचपली. "शाल चांगली हाय सर," त्या म्हणाल्या. "पन याइनं मले काई म्हटलंच नाई अजून. अन् पोळी वाढाले गेली का हात थरथरते माहा."

साडभाऊ शुभमकडे वळले. "मार तिनं खाल्ला अन् हार तुह्या गळ्यात? हात वर केला म्हंजे बाहेर बसायचं असते, लेका. हात वर करून कोनी पुन्हा चढाईले जाते का?"

आणि खरोखरच त्यांनी त्याला बसवला. सामन्याच्या दिवशी अकोल्याच्या मैदानावर दादाचं अर्धं गाव ढोल घेऊन बसलं होतं आणि वऱ्हाडचा वाघ अंगात ट्रॅकसूट घालून बाकाच्या टोकाला. लीगची माणसं मध्यंतरात घड्याळ बघून उठून गेली. संघ थोडक्यात हरला. साडभाऊ सामनाभर शुभमच्या शेजारी बसले होते. शेवटची शिट्टी झाल्यावर डब्यातल्या दोन पोळ्या त्यांनी त्याच्यापुढे धरल्या. शुभमने डबा हाताने उडवला. साडभाऊंनी मातीतल्या पोळ्या उचलल्या, झटकल्या आणि डब्यात परत ठेवल्या. दादा गर्दीतून येऊन एवढंच म्हणाला, "तुमी माह्या पोराले मारलं."

"कबड्डीत मेलेला गडी जिवंत होते, भाऊ," साडभाऊ म्हणाले. "पन आधी बाहेर तं बसला पायजे."

मला त्या क्षणी त्या माणसाचा इतका संताप आला, की मी त्यांच्याशी नजर न मिळवता घरी निघून आलो. कॉलेजने पुढच्या वर्षापासून त्यांच्याकडून संघ काढून घेतला आणि निवृत्तीपर्यंत त्यांना जिमची किल्ली सांभाळायला दिली. दादाने त्यांचं नावही घेणं सोडलं. घरात कार्य निघालं की माझी आणि बायकोची आधी तासभर चर्चा, कोण कुठे बसेल, कोण कधी येईल. साडभाऊ मात्र दर दिवाळीला चिवड्याचा डबा घेऊन अकोल्याला येत राहिले, फ्रिज उघडत राहिले, आणि माझ्या बी.पी.च्या औषधाशेजारचं लोणचं पाहून माझ्या उजव्या हाताकडे बघत राहिले. शुभमला मोठ्या लीगचं बोलावणं पुन्हा आलं नाही. तो पुढे अकोल्यातच एका शाळेत खेळ शिकवायला लागला.

मागच्या उन्हाळ्यात माझ्या मुलीचं लग्न झालं. दादा म्हणाला, "तो येत असंन तं मी येत नाई." मी कात्रीत सापडलो. पण पत्रिका द्यायला अमरावतीला गेलो, तर साडभाऊच म्हणाले, "माहा गुडघा लय दुखून राहिला. तुमी पार पाडा, तुमची जिजी येईन." त्याच सकाळी ते मैदानाला पाच चकरा मारून आले होते, हे जिजीने मला फाटकापाशी हळूच सांगितलं. दादाला मी गुडघ्याचंच कारण सांगितलं.

लग्नात दुपारी जेवणं चालू होती. शुभम आमच्या बाजूने सगळी धावपळ करत होता. वऱ्हाडी मंडळींच्या पंगतीत पुऱ्या संपल्या आणि तो केटररच्या एका बाईवर एवढ्याने ओरडला, की तिच्या हातातली परात हलली. मी पाहत होतो. तो एकदम थांबला. त्या बाईच्या हाताकडे बघत राहिला. मग "चुकलं माहं, मावशी," म्हणाला, उजवा हात वर केला, आणि मांडवातून चालत बाहेर जाऊन जनरेटरशेजारच्या खुर्चीवर बसला. पाहुणे बघताहेत, नवरदेवाकडचे विचारताहेत, आणि हा उन्हात बसलेला! मी गेलो, विनवलं. "थोड्या वेळानं येतो काका," एवढंच म्हणाला. मग मात्र माझं डोकं फिरलं. मी तिथेच फोन काढून साडभाऊंना लावला.

"तुमची शिस्त माझ्या मुलीच्या लग्नातही नडली," मी ओरडलो. "शुभम उपाशी बाहेर जाऊन बसलाय."

"कोनी बसवलं त्याले?"

"कोणी नाही. बाईवर ओरडला, आपणच हात वर केला आणि जाऊन बसला."

साडभाऊ बोलले, पण आवाज त्यांचा वाटत नव्हता. "जेवला नाई का तो?"

"नाही म्हणतोय ना!"

"मंग ताट न्या ना जी त्याच्यापाशी. बाहेर बसलेल्याले उपाशी ठेवा असं कुठी हाय?"

मी वळलो तर मागे दादा उभा होता. किती वेळ उभा होता कोण जाणे. त्याच्या हातात वाढलेलं ताट होतं, वर दोन गरम पुऱ्या. तो शुभमकडे निघाला, आणि जाताना माझ्याकडे न बघता म्हणाला, "गुडघा कसा हाय, विचार त्याइले."