रोटीच्या रांगेतले दोन हिंदी

इथं आखातात, नईमच्या भट्टीवर रोज सकाळी रोटीच्या रांगेत दिसायचे ते. बेळगावचे, कवी माणूस. तिकडच्या पेपरात सीमाप्रश्नावर लेखही लिहायचे. खोलीतला जोडीदार धारवाडचा, कानडी. आधी दोघं एकाच कागदात रोटी न्यायचे. पण जोडीदाराला मराठी वाचता यायचं ना, तिथंच घात झाला! लेख वाचल्यापासून अबोला.

"असं लिहिलंत तरी काय?" एका सकाळी रांगेत त्यांच्यामागून मी विचारलं.

पेनाचं टोपण काढत-लावत म्हणाले, "देश एक आहे, हेच लिहिलोय की हो, मावशी. बेळगाव तेवढं आमचं, म्हटलोय."

इथले अरब आपल्या सगळ्या भारतीयांना 'हिंदी'च म्हणतात. नईम ओरडला, "यल्ला, हिंदी!" म्हणजे चला, पुढे या. दोघंही पुढे झाले, नजरानजर झाली, आणि दोघंही मागे सरले. रोटी माझ्या हातात आली. हात पोळत होता, पण द्यायची कुणाला?