न बोललेलं कुशन

ही गोष्ट मी आजवर कुणालाही सांगितलेली नाही. सुनीतालाही नाही — आणि लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर बायकोपासून काही लपवून ठेवणं किती अवघड असतं, हे मी तुम्हाला सांगायला नको. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही समोर बसलेले दिसत नाही. समोर माणूस असला की मी सुरुवात करतो आणि मध्येच पाण्याच्या टँकरवर घसरतो.

तशी गोष्ट हसण्यासारखी आहे. खेळातली आहे. कुणाचा जीव गेला नाही, कुणाचं घर मोडलं नाही. मग इतकी वर्षं ती घशात का अडकली आहे? सांगतो. पण थोडं लांबून येऊ द्या.

मी जुळवाजुळवीचा माणूस आहे. द्रोणागिरीच्या एका गोदामात आत आलेली खोकी आणि बाहेर गेलेली खोकी यांचा मेळ घालणं, हे माझं काम. एक खोकं कमी भरलं तर मला जेवण जात नाही. कॅरम खेळताना बोट रेषेला लागलं तर समोरच्याच्या आधी मीच ‘फाउल’ म्हणतो. आमच्या पनवेलच्या सोसायटीत कुणाची गाडी रेषेच्या बाहेर आली यावरून भांडण झालं, की लोक टेप घेऊन माझ्याकडे येतात. ‘सबनीस मोजतील ते खरं.’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की मलाही ते खरं वाटायला लागलं होतं — आणि तिथूनच सगळं सुरू झालं.

आमच्या क्लब हाउसमध्ये पूलचं टेबल आहे. बिल्डरच्या माहितीपत्रकात चित्र होतं, म्हणून त्याला ते द्यावं लागलं. सहा भोकांचं, हिरव्या कापडाचं, चांगलं भारी टेबल. पहिलं वर्षभर त्यावर साबुदाण्याचे पापड वाळले. गणपतीत थर्माकोल कापायला तेच. मग कुणीतरी काठ्या शोधून काढल्या आणि खेळ सुरू झाला — पण नियम कुणाला ठाऊक? भोकं असलेलं टेबल म्हणजे कॅरम, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. पांढरा बॉल भोकात गेला की एक बॉल परत वर ठेवायचा. काळा बॉल म्हणजे राणी. राणी घेतली की तिला कव्हर द्यायचं. आमच्या वरच्या मजल्यावरचे गोखलेकाका तर बॉलला बोटानं टिचकी मारायला निघाले होते!

मला ते सहन होईना. मी चार संध्याकाळी मोबाईलवर नियम वाचले, नीट समजून घेतले, आणि एका रविवारी टेबलाभोवती सगळ्यांना उभं करून सांगितले. एकाचे पूर्ण रंगाचे बॉल, दुसऱ्याचे पट्ट्यांचे. आपले सगळे आधी घालायचे, काळा शेवटी. काळा मारण्याआधी तो कुठल्या भोकात घालणार ते मोठ्यानं बोलायचं. बोलल्या भोकात गेला तर जिंकलात, दुसऱ्या भोकात गेला तर जागच्या जागी हरलात. लोकांनी माना डोलावल्या. त्या दिवसापासून नियम म्हणजे मी. मोबाईल प्रत्येकाच्या खिशात होता, पण विचारायचं मला.

आता बाळाशेठ.

बाळाशेठ इथलेच. आमची सोसायटी उभी आहे ती जमीन त्यांची. क्लब हाउस आहे तिथं त्यांचं खळं होतं, भात झोडायचं. जमिनीच्या बदल्यात त्यांना इथेच फ्लॅट मिळाले, आणि ते शांतपणे आमचे शेजारी होऊन राहिले. दणदणीत आवाज, पांढरा शर्ट, आणि कॅरमचा असा हात, की गावच्या स्पर्धेत त्यांच्यासमोर बसायला लोक कचरत. पूल ते माझ्याकडून शिकले. काठी कशी धरायची, बोटांचा पूल कसा करायचा, सगळं मी दाखवलं. महिनाभरात ते माझ्यापेक्षा चांगले खेळायला लागले. त्यांचं खास म्हणजे कुशन — टेबलाची ती रबरी कड. समोर रस्ता नसला की ते बॉल कडेवर आपटून वळवून आणत. कॅरममधलं रिबाउंड त्यांच्या मनगटात मुरलेलं होतं.

‘साहेब, सरल रस्ता तुमचा. वाकडा माजा,’ असं म्हणून ते खो खो हसायचे.

मीही हसायचो. खरंच हसायचो का? — पुढे जाऊ.

सोसायटीची पहिली स्पर्धा ठरली. अंतिम सामना कुणाचा होणार हे पोरांनासुद्धा ठाऊक होतं: मी आणि बाळाशेठ. पंच म्हणून आमच्या सेक्रेटरी देसाई मॅडम उभ्या राहिल्या. त्यांना नियमांतलं फारसं कळत नव्हतं, पण शिट्टी त्यांच्याकडे होती.

त्या संध्याकाळी बाळाशेठ एकटे आले नाहीत. बरोबर त्यांच्या पत्नी, वनितावहिनी, आल्या. तुम्हाला यात विशेष वाटणार नाही. पण क्लब हाउस बांधल्यापासून त्या बाईंनी तिथं पाऊल ठेवलेलं नव्हतं. ‘माजा खला व्हता तो. तिकडं मी खेलाला जाऊ?’ असं त्या म्हणायच्या, आणि तो विषय तिथेच संपायचा. त्या दिवशी मात्र नवी साडी, केसांत अबोली, हातात पेढ्यांचा खोका. त्यांच्यामागे दीर, जावा, भाचे — अर्धं गाव. नवरा साहेबलोकांच्या खेळात साहेबलोकांसमोर जिंकणार, हे बघायला त्या आल्या होत्या. खुर्ची दिली तरी बसल्या नाहीत. भिंतीला टेकून उभ्या राहिल्या.

दुसऱ्या बाजूला आमची ओळखीची माणसं. सुनीता पुढे. ती मला निघताना म्हणाली होती, ‘हरलात तर तोंड पाडून बसू नका.’ हे बायकोनं आधीच म्हणावं का?

सामना चुरशीचा झाला. शेवटी माझा एक पट्ट्याचा बॉल उरला आणि काळा. बाळाशेठचा फक्त काळा. खेळी त्यांची. पण माझा तो उरलेला बॉल काळ्याच्या वाटेत आडवा. मला वाटलं, सुटलो. बाळाशेठ टेबलाभोवती एकदा फिरले, खडू लावला, आणि काठीनं लांबच्या भोकाकडे खूण करून म्हणाले, ‘काला. त्या खिरकीच्या कोन्यात.’

मारला. काळा बॉल बाजूच्या कुशनवर आपटला, वळला, माझ्या बॉलला वळसा घालून गेला आणि खिडकीच्या कोपऱ्यातल्या भोकात असा पडला, की बाकी कशाला धक्कासुद्धा लागला नाही. इतका सुंदर फटका त्या टेबलावर त्याआधी कुणी मारला नव्हता. नंतरही नाही. भाचे नाचायला लागले. वनितावहिनींनी खोक्याची दोरी सोडली.

आणि मी म्हणालो, ‘थांबा. कुशन बोललं नव्हतं.’

बघा, आलो एकदाचा.

सगळे थांबले. देसाई मॅडमनी विचारलं, ‘म्हणजे काय हो, सबनीस?’ मी समजावून सांगितलं — शांतपणे, जसं नेहमी सांगतो तसं — की काळा बॉल कुशनला लावून घालायचा असेल तर तेही आधी बोलावं लागतं. कुशन न बोलता गेला तर तो बोललेला फटका नव्हे. आणि न बोललेला काळा म्हणजे हार.

‘असा नियम आहे?’

‘आहे,’ मी म्हणालो.

नाही. असा नियम नाही. बॉल आणि भोक, एवढंच बोलायचं असतं. बॉल वाटेत कुठे आपटणार हे सांगायची गरज नसते. हे मला माहीत होतं. गैरसमज नव्हता, विसरलो नव्हतो. त्याच दुपारी मी ते पुन्हा वाचलं होतं — बाळाशेठ कुशन खेळतात म्हणूनच मुद्दाम वाचलं होतं, त्यात काही पळवाट मिळते का बघायला. मिळाली नव्हती. मग मी ती तिथल्या तिथे तयार केली, आणि ती बरोबर बाळाशेठच्या मापाची शिवली.

त्यांच्या भाच्यांनी आवाज चढवला. बाळाशेठनी हात वर करून त्यांना गप्प केलं. ‘ए, गप. साहेब बोलतान तर आसल नियम. साहेब मापात खोटा कवा बोललान का?’ मग माझ्याकडे वळून हसत, ‘कुशनला नमस्कार करायचा राहिला माजा!’ आणि हात पुढे केला.

मी तो हात हातात घेतला.

एखाद्याला वाटेल, तिथेच म्हणता आलं असतं — थांबा, चुकलो, बघून सांगतो. तेवढी फट होतीच की. दोन श्वासांची. पण माझी माणसं टाळ्या वाजवत होती, देसाई मॅडमनी शिट्टी फुंकली होती, आणि खरं सांगू? मला आनंद झाला होता. लाज नंतर आली. आधी आनंद झाला.

 वनितावहिनी खोका घेऊन माझ्याकडे आल्या. ‘घ्या. आनलंय ते काय परत न्यायचं?’ मी पेढा घेतला. ‘आनखी घ्या, जिंकलाव तुमी.’ मी आणखी एक घेतला. त्या परत कधी क्लब हाउसमध्ये आल्या नाहीत.

माझा अंदाज होता की हे प्रकरण आठवडाभरात विरेल. खोट्या गोष्टींना आयुष्य कमी असतं असं म्हणतात ना? कुणी म्हटलं कुणास ठाऊक. त्याला आमची सोसायटी दाखवायला हवी. कुशन बोलायचा नियम लोकांना भलताच आवडला. बॉल मारण्याआधी मोठ्यानं काहीतरी जाहीर करायला मिळतं, हे आपल्या माणसांना आवडणारच. ‘काळा! डावं कुशन! मग समोरचं कुशन! मग दरवाज्याचा कोपरा!’ असं लग्नातल्या नाव घेण्यासारखं गर्जून गोखलेकाका बॉल सरळ स्वतःच्या पायावर पाडतात. आणि या नियमाचा सगळ्यात कडक रखवालदार कोण? बाळाशेठ. नवं कुणी खेळायला आलं की ते स्वतः समजावतात. ‘कुशन बोलायचा. मी नाय बोललो, तर फायनल गेली माजी.’ हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर राग नसतो. उलट एक प्रकारचा मान असतो — शिस्तीची किंमत मोजलेल्या माणसाचा.

मी तिथे असलो की खडू शोधायला लागतो.

हेही मी पचवलं असतं, असं मला वाटतं. माणूस पुष्कळ पचवतो. पण गेल्या महिन्यात आम्ही पलीकडच्या टॉवरवाल्या सोसायटीत मैत्रीपूर्ण सामना खेळायला गेलो. बाळाशेठ कप्तान. त्यांच्याच सामन्यात समोरच्या तरुण पोरानं काळा बॉल कुशनला लावून बोललेल्या भोकात घातला. बाळाशेठनी लगेच हात वर केला. ‘कुशन बोलला नाय. तू हरलास.’

पोरगा सभ्य होता. ‘अंकल, असा रूलच नाहीये. हे बघा ना,’ म्हणत त्यानं मोबाईल पुढे केला.

बाळाशेठनी मोबाईलकडे बघितलंसुद्धा नाही. ‘तुजा मोबाईल काय बी सांगल. आमचे साहेब हायत इथं. साहेब, सांगा याला.’

सगळे माझ्याकडे वळले. आणि मी काय म्हणालो? मी म्हणालो, ‘प्रत्येक ठिकाणी थोडं वेगळं असतं… आपण पाहुणे आहोत, त्यांच्याप्रमाणे घेऊ या.’ वाक्य किती समजूतदार आहे बघा! त्यात एकही शब्द खोटा नाही, आणि सगळंच्या सगळं खोटं आहे. मागून कुणीतरी हसून म्हणालं, ‘गावठी रूल्स.’ हळूच म्हणालं, पण ऐकू जाईल असं. बाळाशेठच्या कानाच्या पाळ्या लाल झालेल्या मी बघितल्या. नियम माझा होता. गावठी ते ठरले.

परत येताना त्यांच्याच गाडीत बसलो होतो.  समोर कर्नाळ्याचा सुळका दिसत होता, मी त्याच्याकडे बघत होतो. मग तेच म्हणाले, ‘बरा केलाव साहेब, वाद नाय घातलाव त्ये. पोरांच्या तोंडाला कशाला लागायचा? पन नियम आपलाच बरोबर हाय. हाय ना?’

‘हं,’ मी म्हणालो.

पहिल्या वेळी मला जिंकायचं होतं. या वेळी काय हवं होतं? काहीच नाही. गाडीत आम्ही दोघंच होतो, कुणी टाळ्या वाजवणार नव्हतं. त्या माणसानं सरळ विचारलं होतं, आणि मी ‘हं’ म्हणालो. यापेक्षा जास्त मला त्यावर बोलता येत नाही.

हे ज्यात छापून येईल, तो अंक बाळाशेठ घेतात. शेवटच्या जाहिरातीपर्यंत वाचतात. त्यांनी हे वाचावं म्हणूनच लिहिलं आहे, आणि त्यांना वेगळं सांगण्यासारखं मी काही मागे ठेवलेलं नाही. ते काय म्हणतील याचा अंदाज मी बांधलेला नाही. रागावले तर तो त्यांचा हक्क. खो खो हसले, तर त्याचा अर्थ माफी असा मी घेणार नाही.

तर मोजून सांगतो. त्या संध्याकाळी बाळाशेठनी बॉल बोलला होता, भोक बोललं होतं, आणि बॉल बोललेल्या भोकातच गेला होता. नियमात याहून जास्त काही मागितलेलं नाही. सामना त्या फटक्याला संपला. बाळाशेठ जिंकले, मी हरलो, आणि वनितावहिनी तिथे उभ्या होत्या.