छोटीच्या मापाचा ओटा

घरात तिला छोटी म्हणत. चाळिशी उलटली, केसांत पांढरं दिसायला लागलं, औषधांच्या दुकानात गिऱ्हाइकं तिला मॅडम म्हणू लागली, तरी उंबरठ्याच्या आत पाऊल टाकलं की ती छोटीच. एक तर दादाच्या पाठची, आणि दुसरं म्हणजे खरोखरच बुटकी. आई मात्र चांगली उंच होती, आणि स्वयंपाकघरातला ओटा आईच्या उंचीचा. आई गेली, स्वयंपाक छोटीच्या गळ्यात पडला आणि तेव्हापासून ती एका लाकडी खोक्यावर उभी राहून भाज्या चिरत आली होती. खोक्यावर चढायचं, उतरायचं, पायाने तो सरकवायचा, पुन्हा चढायचं. सवयीने त्याचंही काही वाटेनासं झालं होतं.

आणि एका रविवारी बाबांच्या डोक्यात खूळ शिरलं.

बाबा बसगाड्यांची बॉडी बांधणाऱ्या कारखान्यात सुतारकाम करून निवृत्त झालेले. जन्मभर लोकांच्या बुडाखालची बाकं बनवली, असं ते स्वतःच सांगत.

"ओटा तोडायचा," चहाचा कप खाली ठेवत ते म्हणाले. "खाली कपाटं, वर कपाटं. सगळं नवं आणि सगळं तुझ्या मापाचं."

"आता कशाला, बाबा? चाललंय ना."

"चाललंय ते खोक्यावर चाललंय. बस झालं."

"मग विकत आणू या. तयार मिळतात हल्ली."

"तो पुठ्ठा असतो," बाबा म्हणाले आणि विषय संपला.

छोटीने रिकामा कप उचलला. आदल्याच दिवशी दुकानाच्या मालकांनी तिला बाजूला घेऊन विचारलं होतं. दुसऱ्या गावात त्यांना नवं दुकान काढायचं होतं आणि ते सांभाळायला विश्वासाचं माणूस हवं होतं. दुकानाच्या वरच राहायला खोली. "घाई नाही मॅडम, पण पुढच्या महिन्याच्या अखेरीला मला हो की नाही ते कळायला हवं," ते म्हणाले होते. छोटीला जायचं होतं. त्यात मनाचे आढेवेढे अजिबात नव्हते. मालकांचं बोलणं पुरं व्हायच्या आत ती मनातल्या मनात त्या खोलीची खिडकी उघडून मोकळी झाली होती. फक्त बाबांना सांगायचं राहिलं होतं.

फक्त! आपण किती सहज म्हणतो हा शब्द.

बाबांचा टेपवर विश्वास नव्हता. टेप ढिला पडतो, आकडा वाचणारा चुकतो आणि तो ऐकून कापणारा त्याहून चुकतो, असं त्यांचं मत. कारखान्यात ते प्रत्येक कामासाठी एक लाकडी पट्टी तासत आणि सगळी मापं तिच्यावर खुणा करून घेत. इथेही त्यांनी तेच केलं. सरळ रेषांच्या लाकडाची लांब पट्टी तासून गुळगुळीत केली, छोटीला भिंतीला टेकवून उभं केलं आणि पट्टी तिच्या शेजारी धरली. कोपर वाकवायला लावलं, पेन्सिलची खूण. खांदा, खूण.

"आता हात वर. बोटं पोचतील तिथपर्यंत. टाच उचलायची नाही."

"नाही उचलली."

"उचललीस. मला दिसतंय."

तिने टाच टेकवली. खूण खाली आली.

"टाचा उचलून डबा काढता येतो एखाद्या दिवशी," बाबा म्हणाले. "तुला रोज काढायचाय."

तो 'रोज' छोटीला खटकला. तिने त्याच वेळी सांगायचं ठरवलं होतं, वाक्यही जुळवून ठेवलं होतं. पण बाबा तिच्या पायाशी गुडघे टेकून, पेन्सिल कानावर अडकवून, पट्टीचं टोक फरशीला नीट टेकलंय का ते बघत होते. अशा वेळी बापाला, मी निघाले, असं कोण सांगेल? छोटीने तरी सांगितलं नाही.

मग घराची पुरती दैना झाली. शेगडी बाहेरच्या खोलीत टीव्हीशेजारी आली, भांडी पलंगाखाली गेली, चहात भुसा पडू लागला. बाबा सकाळपासून करवत घेऊन बसत. ती दुकानातून आली की हातात प्लायचा तुकडा घेऊन दारातच उभे. "इकडे ये, वाक जरा. इथे हात जातो का तुझा?" ती पिशवी खांद्यावर तशीच ठेवून वाके, आणि हात बरोबर जाई. दर वेळी बरोबर. एकदा तरी चुकावं, कुठेतरी अडावं, असं तिला वाटे, आणि तसं वाटल्याची लाजही वाटे.

शेजारीण बघायला आली, कपाटांवरून हात फिरवून गेली. "नशीब काढलंस बाई! माझ्या बापाने माझ्या चपलेचंसुद्धा माप कधी विचारलं नाही." छोटी हसली. हसण्याखेरीज काय करणार?

दादाचा फोन आला. तो दूरच्या शहरात बायकामुलांत रमलेला. छोटीने त्याला तरी सांगून बघायचं ठरवलं. "दादा, मी समजा इथे नसले..."

"कुठे चाललीस? सहलीला? जा की! पण बाबांचं जेवणाखाण्याचं बघून जा हं. तू आहेस तिथे म्हणून मी निर्धास्त आहे."

गेली कित्येक वर्षं तो प्रत्येक फोनच्या शेवटी हेच म्हणत आला होता, अगदी मनापासून. आधी तिला ते ऐकून बरं वाटायचं. आता दाराला बाहेरून कडी लावल्यासारखं वाटलं.

खालची कपाटं बसली. त्यावर नवा ओटा आला. बाबांनी तिला पहिल्यांदा उभं केलं आणि सुरी हातात दिली. तिने कांदा चिरला. खांदे वर गेले नाहीत, मनगट वाकलं नाही, पाय फरशीवर सपाट. इतक्या वर्षांत पहिल्यांदा स्वयंपाक करताना पाठीतून कळ आली नाही. डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं आणि कांद्याने तिची लाज राखली. तिला राग आला होता. इतकं सुखाचं काहीतरी कुणी आपल्यासाठी करावं आणि त्याचाच राग यावा, याचाही राग आला होता.

"माझा खोका कुठाय?" तिने विचारलं.

बाबांनी चमच्यांचा खण ओढून दाखवला. खणाचा तळ ओळखीच्या लाकडाचा होता. "चांगलं सुकलेलं लाकूड. टाकायचं कशाला?"

आता राहिली होती वरची कपाटं. सगळी तयार होऊन बाहेरच्या खोलीत उभी होती, आणि तिथेच घोडं अडलं. बाबांचा उजवा हात खांद्याच्या वर जाईना. डावा त्याहून जरा बरा, पण त्यात ड्रिल धरण्याचं बळ नव्हतं. मालकांना उत्तर द्यायची महिनाअखेर दोन दिवसांवर आली होती.

"तूच भोकं पाड," बाबा म्हणाले. "मी खालून सांगतो. पट्टीवरची वरची खूण भिंतीवर घे. कपाटाचा मधला कप्पा त्या खुणेला येईल असं धर."

छोटीने स्टुलावर चढून पट्टी भिंतीला लावली. तिच्या बोटांची खूण समोर होती. तिला एकदम दिसलं, आपण चार भोकं पाडणार, गुट्ट्या ठोकणार, स्क्रू पिळणार, आणि आपल्याच हाताने आपल्याला इथे पक्कं करून टाकणार. ती स्टुलावरून उतरली. पट्टी उलटी केली. मागची बाजू कोरी होती.

"बाबा, भिंतीला उभे राहा."

"मी कशाला?"

"वरची कपाटं तुमच्या मापाने लावायची आहेत. मला दुसऱ्या गावचं दुकान सांभाळायला बोलावलंय. मी जाणार आहे. चहाचा डबा आता तुम्हाला काढावा लागेल."

एका दमात बोलून झालं. बाबा ओरडतील, नाहीतर छातीवर हात ठेवून खाली बसतील, असं काहीतरी तिने गृहीत धरलं होतं. बाबा नुसते नव्या ओट्याकडे बघत राहिले.

"मला ठाऊक आहे," ते म्हणाले. "बीपीच्या गोळ्या आणायला गेलो होतो, तेव्हा मालक बोलले. तुमची हरकत नाही ना, म्हणून विचारत होते."

"केव्हा?"

बाबांनी ओट्यावरचा भुसा हाताने झाडला.

"बाबा, केव्हा?"

"ही पट्टी तासायच्या आधी."

छोटीने हातातल्या पट्टीकडे पाहिलं. कोपर, खांदा, गुडघे टेकून घेतलेली मापं, चमच्यांच्या खणात गेलेला खोका. सगळं त्यांना ठाऊक असताना.

"म्हणून हे सगळं?"

"वाटलं, सोयीचं झालं तर..." बाबा म्हणाले. "तुझी आई असती तर फैलावर घेतलं असतं मला."

छोटीला खूप बोलायचं होतं. इतक्या वर्षांचं साठलेलं ओठांवर आलं होतं. पण समोर उजवा हात डाव्याने धरून उभा असलेला म्हातारा होता आणि तो तिचा बाप होता. "भिंतीला," ती एवढंच म्हणाली.

ते जाऊन उभे राहिले. पाठ टेकवली, हनुवटी वर केली. तिने पट्टी शेजारी धरली. फरशीला टेकलीय का ते बघितलं.

"डावा हात वर. बोटं पोचतील तिथपर्यंत."

हात वर जायला लागला. खांदा ओलांडला, कानाशी आला, थरथरत आणखी वर गेला. छोटीला आश्चर्यच वाटलं. तिच्या अंदाजापेक्षा बराच वर.

"बघ," बाबा दात आवळून म्हणाले. "तुझ्या खुणेच्याही वर पोचतो मी. पट्टी कशाला उलटी करतेस? तुझ्याच मापाने लाव आणि जा तू. माझं काही अडत नाही."

तिने पेन्सिल टेकवली आणि खाली पाहिलं. बाबांच्या दोन्ही टाचा फरशीवरून उचललेल्या होत्या.

"टाचा, बाबा."

"टेकलेल्या आहेत."

"मला दिसतंय," छोटी म्हणाली, आणि ते टाचा टेकवेपर्यंत पेन्सिल धरून थांबली.