मंजुळा अजून कोठारात आहे

दुपारी तीनच्या सुमाराला मी दिवाणावर आडवा होतो. छातीवर पुस्तक पालथं पडलेलं असतं. डोळे मिटतात, पण झोप लागत नाही. नुसती जवळ येऊन बसते. पंखा कुरकुरतो, खाली रस्त्यावर कुणीतरी कुल्फीवाल्याला थांबवतं, आणि या दोन आवाजांच्या मधून पानं उलटल्याचा आवाज येतो. माझे दोन्ही हात तर अंगाखाली आहेत.

गेले तीन महिने मी लहान मुलांची पुस्तकं वाचतो आहे. हे सांगायला संकोच वाटतो. बार्शीतल्या एका शाळेत मी एकतीस वर्षं ग्रंथपाल होतो आणि एवढ्या काळात बालविभागातलं एक पुस्तक मी वाचलं नाही. त्यांना खाकी कव्हरं घातली, पाठीवर क्रमांक चिकटवले, कसर लागू नये म्हणून मागे कडुनिंबाचा पाला ठेवला. वाचायला मात्र घरी जाडजूड ग्रंथ नेत असे. त्यातलं किती कळलं, याची मला आजही खात्री नाही. निवृत्तीनंतर माझी जागा कुणी भरली नाही, म्हणून आठवड्यातून तीन दिवस मीच जाऊन बसतो आणि येताना चार पुस्तकं पिशवीत घालून आणतो. काल आणलं ते मंजुळा नावाच्या मुलीच्या गोष्टीचं. ते मी बावीस वर्षं टाळत होतो.

"होनरावसर, हे दार कुणी लावलं?"

मी उठून बसतो. दिवाण नाही. शाळेच्या ग्रंथालयातली माझी खुर्ची आहे, समोर काचेची कपाटं आहेत आणि दाराशी वांगीकरबाई उभ्या आहेत. प्रमिला वांगीकर, पाचवीच्या वर्गशिक्षिका. त्यांना जाऊन बावीस वर्षं झाली. मला हे आत्ताही माहीत आहे, आणि त्याचं काही वाटत नाही. वाटतं ते दाराचं.

"मीच लावायला सांगितलंय," मी म्हणतो. "पडताळणी चालू आहे ना."

दर एप्रिलमध्ये पुस्तकांची पडताळणी असे. सगळी पुस्तकं परत मागवायची, कपाटात लावायची, मग नोंदवही घेऊन एकेक क्रमांक वाचायचा आणि खूण करायची. तेवढे दिवस कुणालाही पुस्तक द्यायचं नाही. मुलं मध्येच आली की माझी मोजणी चुके, म्हणून मी नागनाथ शिपायाला बाहेरून कडी घालायला लावायचो. तो पाच वाजता उघडायचा. बाहेर एक पुठ्ठा टांगलेला असे: पडताळणी चालू आहे, पुस्तके मिळणार नाहीत. अक्षर माझं.

"म्हणजे तुम्हीच स्वतःला कोंडून घेता?" बाई म्हणतात. "आणि मी आत कशी?"

"ते मला कसं ठाऊक असणार?"

"तुम्हाला नाही तर कुणाला! किती वाजलेत?"

मी भिंतीकडे बघतो. घड्याळाच्या जागी तोच पुठ्ठा आहे. खिडकीकडे बघतो, तिथेही तोच.

बाई वाचनाच्या लांब टेबलावर चढून बसतात. असं बसलेलं मला कधीच आवडत नसे, पण तेव्हाही मी बोललो नव्हतो. त्या माझ्याकडे नीट बघतात. "केवढे म्हातारे झालात हो!"

"चौऱ्याहत्तर."

"आणि मी बेचाळीसच. आता मला अहोजाहो करायची काही गरज नाही."

मला तसं जमणार नाही, हे त्यांनाही माहीत आहे. त्या हसतात. "ऐकलं ते खरं का? बालविभाग वाचायला घेतलाय म्हणे."

"हो. म्हणजे थोडंसं. चाळतो."

"चाळता? चष्म्याचा व्रण पडलाय नाकावर. काय वाचलंत?"

मी खाली बघून सांगतो. एका कावळ्याची गोष्ट आहे, तो गावातले चष्मे पळवतो आणि शेवटी त्याचं घरटं दुरून देवळाच्या कळसासारखं चमकायला लागतं. एका स्वयंपाकघरातली भांडी संपावर जातात. दोन जुळ्या बहिणी आपापल्या मामांकडे अदलाबदल करून राहतात आणि एक मामा ओळखतो, पण कुणाला सांगत नाही.

"कशी आहेत?"

"बरी आहेत."

"बरी!" बाई मांडीवर हात मारतात. "एकतीस वर्षं कुलपात राखलीत आणि बरी?"

"मला त्यातलं कळत नाही हो, बाई. कावळ्याच्या गोष्टीला मी रडलो. आता एखाद्या पुस्तकाला माझ्यासारखा माणूस रडला, तर ते चांगलं असं म्हणता येईल का?"

टेबलाचं लाकूड मऊ झालं आहे. त्यावर पांढरी चादर आहे आणि बाई आता बसलेल्या नाहीत, उशीला टेकून पडल्या आहेत. सोलापूरच्या दवाखान्यातला हा वॉर्ड असावा. मी तिथे गेलो नव्हतो, त्यामुळे कपाटं तशीच उभी आहेत, आणि कपाटांच्या मधून सलाईनची नळी खाली आली आहे. कडुनिंबाच्या पाल्याचा वास आहे. दार तेच आहे. मी हळूच उठून ते ढकलून बघतो. बाहेरून कडी आहे.

"निघालात?" बाई विचारतात.

"नाही, नाही. नागनाथ आला का बघत होतो."

"मीही अशीच दाराकडे बघत होते, सर. शनिवारी सकाळी भाऊ परत येईपर्यंत."

हे येणार हे मला कळलं होतं. त्या वर्षी बाई दर शनिवारी शेवटच्या तासाला पाचवीला ते पुस्तक वाचून दाखवायच्या, आठवड्याला एक प्रकरण. एक प्रकरण राहिलं आणि माझी पडताळणी आली. त्या मागायला आल्या, मी दिलं नाही. पंधरा दिवसांत त्यांना सोलापूरला न्यावं लागलं. तिथून त्यांचे भाऊ आले, म्हणाले: ताई म्हणते, ते मंजुळेचं पुस्तक द्या, शेवट राहिलाय, मी मुलांना पत्रातून लिहून कळवीन. ते दाराबाहेर उभे होते आणि मी आत होतो. पुस्तक माझ्यापासून चार हातांवर होतं. मी म्हणालो, सोमवारी पडताळणी संपते, सोमवारी या. रविवारी दुपारी बाई गेल्या.

"नियम होता," मी म्हणतो. माझा मलाच तो आवाज नकोसा वाटतो.

"होता ना. मी कुठे नाही म्हणते? भाऊ रिकाम्या हातानं आला, म्हणाला, सर आतून बोलले, दिसलेसुद्धा नाहीत." त्या कुशीवर वळतात. "जाऊ द्या. आता तर तुम्ही वाचलंय. शेवट सांगा."

मी पुस्तक हातात नुसतं फिरवत राहतो.

"सांगा ना. मंजुळा मिठाच्या कोठारात अडकली, इथपर्यंत माझं झालंय."

"माझंही फार पुढे नाही. ती दाराला हात लावते तिथवरच."

"म्हणजे?"

"पुढचं पान नाही." मी पुस्तक त्यांच्यापुढे धरतो. शेवटी दोऱ्याला कागदाची एक दातेरी कड तेवढी लटकते आहे. "कुणीतरी फाडलंय. फार जुनं. कड पिवळी पडलीय."

बाई त्या कडेकडे बघतात. मग नोंदवही मागतात. ती माझ्या हातातच आहे. त्या पुस्तकाच्या ओळीत पुढे पुढे बोट नेतात. दर एप्रिलची एक खूण. आहे, आहे, आहे. सुबक लाल खुणा.

"दरवर्षी तुम्ही हे पुस्तक आहे म्हणून लिहिलंत."

"पुस्तक होतंच ना."

"उघडून नाही बघितलंत?"

"पाठीवरचा क्रमांक बघायचा असतो, बाई. उघडायचं नसतं."

मला वाटतं त्या रागावतील. त्या हसायला लागतात, खोकला येईपर्यंत हसतात. "अहो, म्हणजे तुम्ही दिलं असतंत तरी मी तशीच गेले असते!"

हेच मला काल रात्रीपासून वाटतं आहे. वाटलं की सुटल्यासारखं होतं, आणि दुसऱ्याच क्षणी अधिक अडकल्यासारखं. कारण दिलं असतं तर निदान त्यांनी पान नाही हे बघितलं असतं, मला शिव्या दिल्या असत्या, आणि शेवट स्वतः रचून मुलांना कळवला असता. बाई तशा होत्या.

"मग आता मुलांना काय सांगू?" त्या म्हणतात, आणि वॉर्ड नाहीच. पाचवीचा वर्ग आहे. चाळीस मुलं मांडी घालून बसली आहेत, शनिवारचा शेवटचा तास आहे. बाई मागच्या भिंतीला टेकून खाली बसल्या आहेत आणि फळ्यापुढे मी आहे. मी आयुष्यात कधी वर्गापुढे उभा राहिलो नाही. मी दाराकडे जातो. बाहेरून कडी आहे.

"सर, पाच वाजणार नाहीत," बाई मागून म्हणतात. "सुरू करा."

"मला येत नाही हो."

"तीन महिने काय चाळत होतात मग?"

मी घसा साफ करतो. जिथपर्यंत छापलेलं आहे तिथपर्यंत सांगतो. मंजुळा मिठागरावर काम करणाऱ्याची मुलगी. कोठारात मिठाच्या ढिगामागे मांजरीनं पिल्लं घातलेली असतात, आणि आज उधाणाची भरती असते, म्हणून मंजुळा त्यांना काढायला आत शिरते. पहारेकऱ्याला ती दिसत नाही. तो नेहमीसारखी बाहेरून कडी घालतो. पाणी येतं. खालचं मीठ विरघळायला लागतं, ढीग खचतो, मंजुळा पिल्लं ओच्यात घेऊन वर चढते. ती जितकी चढते तितका ढीग खाली बसतो. मग ती दाराला हात लावते.

"पुढे?" बाई.

"पुढे तिचे वडील येतात आणि..."

"ते कावळ्याच्या गोष्टीत. तिथेही वडीलच येतात."

"बरं. पाण्याच्या लोंढ्यानं दार मोडतं..."

"असं सोपं? मुलं हसतील."

मुलं हसत नाहीत. फरशीवर पाणी आलं आहे. त्यांच्या मांड्या भिजल्या आहेत, तरी ती उठत नाहीत, माझ्याकडेच बघत आहेत. माझ्या तोंडाला खारट चव येते. मला पळायचं आहे आणि पळायला एकच दार आहे, आणि त्याची कडी कुणाच्या सांगण्यावरून घातली ते मला माहीत आहे.

"पहारेकरी," मी म्हणतो.

"त्याचं काय?"

"तो गेलेला नाही. तो बाहेरच आहे, बांधावर. त्याला आतून ठोकल्याचं ऐकू येतं." मी फळ्याला पाठ टेकतो. "आधी त्याला वाटतं, मीठ खचल्याचा आवाज असेल. मग त्याला कळतं, हे मीठ नाही. तरी तो उठत नाही. कारण उठला तर कबूल करावं लागेल की त्यानं आत न बघता कडी घातली. पंचवीस वर्षं तो अशीच कडी घालतो, आत न बघता. त्याला वाटतं, थोडं थांबू, ठोकणं आपोआप थांबेल."

पाणी मुलांच्या पोटापर्यंत आलं आहे.

"मंजुळा रडत नाही. ती विचारते, काका, तुम्ही आहात ना बाहेर? आणि पहारेकरी..."

"काय म्हणतो?" बाई भिंतीपासून पुढे झुकल्या आहेत. पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर थट्टा नाही. पाणी त्यांच्या कमरेपर्यंत आहे. "सर, काय म्हणतो तो?"

"तो म्हणतो, आहे. मी आहे, पोरी. कडी मीच घातली."

मी हे फार मोठ्यानं बोलतो. एवढ्या मोठ्यानं मी कधी बोललेलो नाही. मी दाराशी जातो. आता मी दाराच्या कुठल्या बाजूला आहे हे समजत नाही, पण कडी माझ्या हाताला लागते, गंजलेली, मिठानं धरलेली. मी ती दोन्ही हातांनी ओढतो. ती सरकत नाही. पलीकडून वांगीकरबाईंचा श्वास ऐकू येतो, फार जवळून, लाकडाच्या एका फळीएवढ्या अंतरावरून.

"मग?" आवाज येतो.

"ओढतोय ना, बाई."

"आप्पा, मग? निघाली का कडी?"

पंखा. दिवाण. खिडकीतलं ऊन भिंतीवर वर चढलं आहे, म्हणजे पाच वाजून गेले. माझा घसा बसला आहे, गिळताना दुखतो. खोलीच्या दारात रेवती उभी आहे. माझी सून. आठ वर्षांत तिच्याशी माझं चहा, औषध आणि वर्तमानपत्र याखेरीज फारसं बोलणं झालेलं नाही. चूक तिची नाही.

"कधीची उभी आहेस?" माझ्या घशातून नुसती खरखर येते.

"तुम्ही मंजुळा मिठागरावरची म्हणालात, तेव्हापासून. हाक मारणार होते, पण..." ती थोडी ओशाळते. "झोपेत एवढं सलग कुणी बोलतं का हो? मी आधी घाबरले. मग ऐकतच राहिले."

ती मळायला बसली असताना उठून आलेली आहे. तिच्या दोन्ही हातांना मनगटापर्यंत कणीक आहे, आणि ती पार वाळून गेली आहे. पांढरी, कडक. बोटांच्या सांध्यांवर कणकेला भेगा पडल्या आहेत. एवढी वाळायला बराच वेळ लागला असणार.

"ती वाचते ना पण?" रेवती विचारते. "पाणी किती चढलंय?"

मला शेवट माहीत नाही. मी तिला तसं सांगणार असतो. मग मी पाय खाली घेतो आणि दिवाणावर तिच्यासाठी जागा करतो.

"गळ्यापर्यंत," मी म्हणतो. "बैस."