ओल्या फडक्यातले डास

चिकुनगुन्याच्या साथीत मी पुण्याहून हिंगोलीकडे डास गोळा करायला गेले होते. अंगात विषाणू शिरला की डासाच्या आतड्यात आणि लाळग्रंथीत कोणती प्रथिनं वाढतात, हा माझ्या संशोधनाचा विषय. सोबतीला आरोग्य खात्यातला डास पकडणारा एक माणूस होता. सिद्धेश्वर धरणाजवळच्या तांड्यावर तो वळणीवरच्या कपड्यांमागे काचेची नळी न्यायचा, तिचं दुसरं टोक तोंडात धरून हलकेच श्वास ओढायचा आणि डास नळीत यायचा. पंखसुद्धा मोडायचा नाही.

डासांनी भरलेल्या माझ्या कुप्या मी जीपच्या बोनेटवर मांडल्या होत्या. ते पाहून त्यानं नळी तोंडातून काढली.

"म्याडम, उन्हात काहून ठेवून राहिल्या?"

"जिवंत आहेत ना?" मी म्हणाले.

"जित्ते हायेत, पण तकलीफीत हायेत. ऊन लागलेला डास तुमाला उन्हाचीच खबर देईल, तापाची न्हाई."

त्याच्या कुप्या ओल्या फडक्यात गुंडाळून सावलीत होत्या. मी मनात हसले आणि माझ्या तिथंच राहू दिल्या.

प्रयोगशाळेत माझ्या सगळ्याच डासांत उष्णतेनं वाढणारी प्रथिनं उसळलेली निघाली. विषाणू असलेला कोणता आणि नसलेला कोणता, काही कळेना. त्याच्या डासांत मात्र तो फरक लख्ख दिसला. माझा प्रबंध त्याच कुप्यांवर उभा राहिला.

'डास ओल्या फडक्यात, सावलीत ठेवावेत,' असं मी त्यात ठासून लिहिलं. परीक्षकांनी विचारलं, "याला संदर्भ कुणाचा?"

दोन दिवस सोबत हिंडून मी त्याचं नावही विचारलं नव्हतं.