जुन्या बेल्टवरच्या खुणा

गाडीखाली सरकवलेला पुठ्ठा दहा मिनिटांनी ओढून काढला, तर त्यावर ऑइलचे तीन ताजे डाग.

"ऑइल चेंबरचं पॅकिंग दोन मेकॅनिकांनी बदललं," रंगनाथ वस्ताद म्हणाले. "तरी गळतंय. उद्या सकाळी गाडी पायजे, संप्या."

रंगनाथ वस्ताद माझे पहिले मालक. बेलापुरात त्यांच्या गॅरेजात मी सात वर्षं काढली. ब्रेक, क्लच, गिअरबॉक्स, सगळं त्यांनी शिकवलं. टायमिंग बेल्ट चढवणं मात्र कधी दाखवलं नाही. ते काम निघालं की म्हणायचे, "संप्या, चहा घेऊन ये." मी येईपर्यंत कव्हर बसलेलं असायचं. हे मी विसरलेलो नाही. पुढे त्यांच्याच समोर गॅरेज टाकलं आणि टायमिंग माझं मी शिकलो.

आता त्यांचं गॅरेज बंद आहे. उजवा हात थरथरतो, नजर मंदावली आहे. जुनी पेट्रोल गाडी तेवढी ठेवली आहे. त्यांच्या बायकोला, काकूंना, आठवड्यातून दोनदा डायलिसिसला नगरला न्यावं लागतं. गाडी त्यांचा जावई चालवतो. काकूंना बसवत नाही, म्हणून वस्तादांनी पुढचं सीट पार आडवं होईल असं करून घेतलं आहे. भाड्याच्या गाडीत ती सोय नाही.

ऑइल दिसतं खाली, पण गळतं बहुतेक वेळा वरून. म्हणून मी इंजिन धुतलं, हवा मारून कोरडं केलं आणि त्यावर साधी टाल्कम पावडर भुरभुरली. दहा मिनिटं इंजिन चालू ठेवलं. पावडर जिथे आधी ओली होते, तिथे गळती. ओली झाली ती टायमिंग कव्हरच्या कडेला.

कव्हर उघडलं. कॅमशाफ्टचं ऑइल सील दगडासारखं कडक झालं होतं. त्यातून पाझरलेलं ऑइल थेट टायमिंग बेल्टवर. हा रबरी दातेरी पट्टा इंजिनचा खालचा शाफ्ट आणि वरचा कॅमशाफ्ट यांना एकत्र फिरवतो. त्यामुळे व्हॉल्व्ह वेळेवर उघडतात, मिटतात. या इंजिनात तो तुटला, तर पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतो आणि खेळ खलास. बेल्ट फुगला होता, कडेचे धागे निघाले होते, दोन दात अर्धे उडाले होते. याच बेल्टवर काकू गेल्या आठवड्यात नगरला जाऊन आल्या होत्या.

वस्ताद जवळ सरकले. माझं डोकं एकदम तापलं.

"वस्ताद, तुम्ही जरा चहा घेऊन या."

त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं. मग चहाच्या टपरीकडे वळले.

मी माझ्या पद्धतीने काम उरकलं. जुन्या बेल्टवर आणि वरच्या-खालच्या दोन्ही पुलींवर व्हाईटनरने खुणा केल्या. बेल्ट उतरवला, सील बदललं, बेल्ट ताणून धरणारा टेन्शनर बदलला. दात मोजून खुणा नव्या बेल्टवर उतरवल्या आणि बेल्ट चढवला. इतकी वर्षं मी हेच करत आलो. चावीला हात घातला, तोच मागून वस्तादांचा आवाज आला.

"थांब. आधी हातानं फिरव."

"खुणा जुळल्यात."

"दे पाना हिकडं."

त्यांनी खालच्या बोल्टला पाना लावला. डाव्या हाताने, डोळे मिटून, इंजिन दोन फेरे फिरवलं. अगदी हळू. मध्ये एकदा थांबले, थोडं मागे घेतलं, परत पुढे नेलं.

"एक दात चुकलाय."

"चष्मा लावून बघा की! सगळ्या खुणा समोर आहेत."

"खुना बरोबर हायत. बेल्ट चुकलाय. पिस्टन दम कुठं धरतोय ते हाताला कळतं." मग म्हणाले, "पंधरा दिस झाले, नगरच्या वाटंला विळदच्या चढाला गाडी वढत न्हाई. जुना बेल्ट तवाच सरकला आसल. तू त्याचीच नक्कल मारली."

मी पहिला स्पार्क प्लग काढला. त्यांनी भोकात सायकलचा स्पोक सोडला. पिस्टन पार वर आला, स्पोक थांबला. मग कॅमची पुली पुसली. काळ्या थराखाली कंपनीची खाच होती. ती मी कधी शोधलीच नव्हती. पिस्टन पार वर असताना ती इंजिनवरच्या खुणेसमोर यायला हवी; ती एक दात बाजूला होती.

जे मला डोळ्यांनी दिसलं नाही, ते या माणसाच्या तळहाताला पोलादाच्या पान्यातून कळलं होतं.

"शिकवलं का नाहीत?" शेवटी विचारलंच.

"शिकवलं आस्तं तर माझ्याच समोर गॅरेज टाकलं आस्तंस."

"ते तसंही टाकलं!"

"व्हय. त्येच चुकलं माझं."

मी सौदा करणारा माणूस आहे. म्हणालो, "मजुरी घेणार नाही. पण बेल्ट आता तुम्ही सांगाल तसा चढवायचा, पहिल्यापासून. आणि मी इथून हलणार नाही."

"लई म्हाग पडनार मला," म्हणत त्यांनी स्टूल ओढलं.

अंधार पडायच्या आत गाडी सुरू झाली. आवाज असा, की वस्ताद बॉनेटवर हात ठेवून बराच वेळ उभे राहिले. पुठ्ठा कोरडा. दुसऱ्या दिवशी काकू वेळेवर नगरला पोचल्या. जावई म्हणाला, विळदला गिअर पाडावा लागला नाही.

जुन्याची खूण नव्यावर उतरवण्याआधी जुनं जागेवर आहे का, ते तपासावं. मी किती जणांची जुनी चूक त्यांच्या नव्या बेल्टवर इमानदारीने काढून दिली असेल, कोण जाणे. चढाला ओढत नाही म्हणून माझ्याशी भांडून गेलेले दोन मालक मला आठवतात. दोघांनाही फोन करून बोलावलं आहे. फुकट.