नव्याने रचलेले दगड

पार्ल्यात आमच्या शेजारच्या गृहस्थांनी काचेच्या टाकीत मासे पाळले होते. मला ते मासे कधीच आवडले नाहीत. आफ्रिकेतल्या कुठल्याशा तळ्यातले, निळे-पिवळे, देखणे, पण कमालीचे भांडखोर. टाकीत काळ्या दगडांचा ढीग, आणि त्यातल्या प्रत्येक कपारीला एकेक मालक. दुसरा कोणी जवळ फिरकला की हा अंगावर धावलाच.

गृहस्थ बोलत फार कमी. बोलायच्या आधी चष्मा काढून बनियनच्या टोकाने पुसत. त्यांनी आणलेला पहिला नवा मासा जुन्यांनी संध्याकाळपर्यंत मारून टाकला होता. तेव्हापासून नवा मासा सोडायचा असला की ते आधी सगळे दगड उपसून वेगळे रचत.

"जुन्यांच्या जागा मोडल्या की सगळेच नवे होतात," एकदा चष्मा पुसून मला म्हणाले.

त्यांची विधवा बहीण कायमची राहायला येणार होती, त्या सकाळी त्यांच्या घरातून सामान सरकवल्याचे आवाज आले. मी डोकावलो. कपाट खिडकीशी गेलं होतं, त्यांची स्वतःची खाट दाराशी आली होती, आणि स्वयंपाकघरातले सगळे डबे जमिनीवर.

"अहो, वेड लागलंय का? इतक्या वर्षांचं लावलेलं घर माझं!" वहिनी संतापल्या होत्या.

त्यांनी चष्मा पुसला, परत डोळ्यांवर चढवला आणि खाट आणखी थोडी सरकवली.

दुपारी बहीण ट्रंक घेऊन आली आणि उंबऱ्यातच अवघडून उभी राहिली. वहिनी अजून डब्यांच्या पसाऱ्यात बसल्या होत्या. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग रिकाम्या फळ्यांकडे, आणि साखरेचा डबा उचलून पुढे केला.

"वन्सं, हा कुठे ठेवूया?"